ओरखडा लपवू नका : प्राणिपालक होऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न

प्राणिपालक म्हणजे झू-कीपर, प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणारा. बारावीचा निकाल लागला की या कामाबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या पत्रांत तेच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून ही उत्तरे एकत्र.

‘सहा महिन्यांत झू-कीपर, नोकरीची हमी’ अशी जाहिरात पाहिली. फी भरू का? (रावेर)

आधी चौकशी, मग फी. प्राणिसंग्रहालयांना मान्यता केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देते. ते १९९२पासून काम करते आणि मान्यताप्राप्त संग्रहालयांची यादी कुणालाही पाहता येते. प्रत्यक्ष काम यादीतल्या कोणत्या संग्रहालयात मिळणार, हे क्लासवाल्यांकडून लेखी घ्या आणि त्या संग्रहालयाला स्वतः फोन करा. महापालिकेच्या संग्रहालयातली पदे महापालिकेच्या भरतीतून भरतात. तिथली नोकरी कुठलाही क्लास देऊ शकत नाही, त्यामुळे ‘हमी’ हा शब्द दिसला की पाकीट खिशातच ठेवा. पशुवैद्य व्हायचे असेल तर ‘नीट’ आणि साडेपाच वर्षांची पदवी, हाच रस्ता आहे.

मी शाकाहारी आहे. मांस हाताळावे लागेल का? (चोपडा)

हो. वाघ-बिबट्यांचा आठवड्यातला उपवासाचा दिवस सोडला तर रोज.

कॅलिफोर्नियातल्या मूरपार्क कॉलेजात प्राणिपालकाचे काम शिकणाऱ्या मुलांना सातही दिवस राबवतात असे ऐकले. मुलाला हेच शिकायचे आहे. इतके कष्ट कशाला? (अमळनेर, पालक)

त्या कॉलेजचे स्वतःचे प्राणिसंग्रहालय आहे आणि ते विद्यार्थीच चालवतात. प्राण्यांना रविवार नसतो, दिवाळीही नसते. शेण-विष्ठा उचलणे, ती रोज नीट पाहणे, खाद्य तोलणे, उरलेले पुन्हा तोलणे, दार उघडण्यापूर्वी प्राणी मोजणे आणि कुलूप ओढून पाहणे, हाच अभ्यासक्रमाचा गाभा आहे. रील पाहून ठरवू नका. मुलाला आधी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात न्या आणि तिथल्या एखाद्या जुन्या प्राणिपालकाशी बोलू द्या.

प्रशिक्षणात माकडाने ओरखडले, थोडे रक्त आले. सांगितले तर काढून टाकतील म्हणून बोललो नाही. हळद आणि चुना लावला. आठवडा झाला. आता काय? (भुसावळ)

हे वाचणे इथेच थांबवा आणि सरकारी दवाखान्यात जा. उरलेले परत आल्यावर वाचा.

दरवर्षी असे पत्र येते, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो ही ऐकीव गोष्ट आहे. माकड, मुंगूस, कोल्हा, मांजर, कुणापासूनही होऊ शकतो. लक्षणे दिसू लागली की उपचार जवळपास हरतात, म्हणून जे करायचे ते त्याआधी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचे नाही, कारण त्याने जखम चिघळते आणि धुणे राहून जाते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजच्या विषाणूला लगेच रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. ते किती आणि कसे, हे डॉक्टर ठरवतील. ‘प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवू’ हा नियम कुत्र्या-मांजरांपुरता आहे आणि तिथेही लस आधी सुरू करतात. माकडाला तो लावून वाट पाहू नका. आठवडा गेला म्हणून आता उपयोग नाही, असेही समजू नका. उशिरा आलेल्याला आज ओरखडा झाल्यासारखेच उपचार देतात.

आता भीतीबद्दल. विद्यार्थ्याला ओरखडा सांगायची धास्ती वाटत असेल तर ती त्या संस्थेची चूक आहे. चांगल्या संस्थेत अपघाताची वही दाराशीच असते आणि प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच रेबीजची प्रतिबंधक लस देतात. प्रवेश घेताना या दोन गोष्टी विचारा. उत्तर टाळले तर दुसरीकडे जा. आणि हेही सांगून ठेवतो, तुमचाही आजार प्राण्यांना लागतो. क्षयरोग माणसाकडून माकडाला, हत्तीला होऊ शकतो. दोन आठवडे खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, मग पिंजरा.

सरावासाठी घरी पोपट पाळला तर? (शिरपूर)

नाही. आपला देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरी आधीच असेल तर वनविभागाला विचारा; स्वतःहून सोडून देऊ नका.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडे आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेत नेतो. वडील घोडा शिकवतात, तसेच वाघालाही शिकवता येते का? (शहादा)

शिकवता येते, पण चाबकाने नाही आणि खेळासाठीही नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ करण्यावर १९९८च्या अधिसूचनेने बंदी आहे. संग्रहालयात शिकवतात ते उपचारासाठी. वाघाने काठीच्या टोकाला नाक लावले की शिट्टी, शिट्टीनंतर मांसाचा तुकडा. हळूहळू वाघ जाळीला अंग लावून बसतो, शेपटी बाहेर देतो आणि बेशुद्ध न करता रक्त घेता येते. यायचे की नाही हे वाघ ठरवतो. आला नाही तर त्या दिवशीचा धडा बंद. माणूस कायम जाळीच्या अलीकडे. घोड्याचे कान मागे गेले की वडील हात आवरतात ना, ती नजर इथे फार कामाची आहे. ती त्यांच्याकडून शिकून घ्या. घरच्या घोड्यावर शिट्टीचा प्रयोग करायचा असेल तर आधी तालुक्याच्या पशुवैद्याला घोडा दाखवा. दुखत असलेला घोडा काहीच शिकत नाही.