प्रश्न तुमचे : भाड्याचं घर आणि जड पाणी

प्रश्न : घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ भाड्याने राहतो, करार ११ महिन्यांचा. पालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ, बाकी बोअर आणि टँकर. नळांना पांढरी पुटं चढतात, केस राठ झालेत, गीझर कडकड वाजतो, तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही अख्खीच. शॉवरचा फिल्टर घ्यावा का? घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

उत्तर : शॉवर फिल्टरवर पैसे घालू नका. त्यातला कार्बन आणि तांबं-जस्ताचे कण क्लोरीन पकडतात. जडपणा येतो कॅल्शियम-मॅग्नेशियमने, आणि ते दोन्ही त्यातून आरपार जातात.

आधी मोजा. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. बहुतेक किटांत ५ मिली पाणी घेऊन रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. २२ थेंब लागले तर साधारण ३९०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत योग्य धरतं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. प्रत्येक नळ वेगळा तपासा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कारण टँकर बदलला की आकडा बदलतो. कुठली लाइन कुठल्या टाकीवरून येते तेही सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. एखादा नळ निव्वळ पालिकेच्या पाण्याचा निघाला, तर निम्मं काम तिथेच झालं.

डाळीचं कारण सोपं आहे. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिन या चिकट पदार्थाला घट्ट बांधून ठेवतं, मग दाणा फुटत नाही. भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला सकाळी भरून ठेवलेलं पालिकेचं पाणी घ्या. ते नसेल तर बोअरचं पाणी १० मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा साका न ढवळता वरचं ओतून घ्या. जडपणाचा एक भाग असा खाली बसतो, सगळा नाही. केसांसाठीही तेच: शेवटचे दोन तांबे पालिकेच्या पाण्याचे. नाहीतर एक लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केसांवरून ओता आणि धुऊन टाका. साबणाचा चिकट थर सुटतो.

वॉशिंग मशीनला मात्र रेझिनचा, म्हणजे जडपणा धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, छोटा सॉफ्टनर लावा. मशीनच्या नळीचे आटे पाऊण इंची असतात, तसाच सॉफ्टनर मागा. नळ आणि नळी यांच्यामध्ये बसतो, भोक लागत नाही, घर सोडताना काढून नेता येतो. घेताना एकच प्रश्न विचारा: आत रेझिन किती लिटर? एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. ३९० च्या पाण्यात म्हणजे जेमतेम १२५ लिटर, फ्रंट लोड मशीनच्या दोन धुण्यांपुरतं. तीन लिटरचा घेतलात तर सहा धुणी. ‘सहा महिने बघायला नको’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब दाखवा. तीन लिटर रेझिनची ताकद संपली की ती परत आणायला साडेचार लिटर पाण्यात ४५० ग्रॅम खडे मीठ विरघळवून फडक्यातून गाळा आणि अर्ध्या तासात हळूहळू त्यातून सोडा. घाईने ओतलंत तर मीठ नुसतं वाहून जातं आणि रेझिन तसंच राहतं. मग खारटपणा जाईपर्यंत साधं पाणी सोडा आणि किटने तपासा: एक-दोन थेंबांतच रंग पालटला की काम झालं. गावाला जाताना रेझिन ओलंच ठेवा, वाळलं की दाणे तडकतात.

गीझरचा आवाज कॉइलवरच्या थराचा आहे. थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफ होते आणि फुटते. थर्मोस्टॅट ५० वर आणा; ६० च्या वर क्षार भराभर धरतात. वर्षातून एकदा मेकॅनिकला टाकी उघडायला सांगा, त्याआधी मेन स्विच बंद. कॉइल लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवायची, गॅस्केट नवं घालायचं. आतली मॅग्नेशियमची कांडी झिजून तारेएवढी उरली असेल तर बदला, नाहीतर त्यानंतर टाकी गंजते. टॉयलेटचं अ‍ॅसिड कॉइलला किंवा क्रोमच्या नळांना अजिबात लावू नका, आणि ब्लीचबरोबर तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ओट्यावर कडप्पा असेल तर लिंबू-व्हिनेगरही त्यावर सांडू देऊ नका. तो चुनखडीच आहे. पांढरा डाग पडला की जात नाही, आणि अनामत परत घेताना तोच पुढे येतो.

प्रश्न : नेरूळला राहते. पालिकेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १०० च्या आत येतो, तरी आरओ घ्यायला सांगतात. घ्यावा का?

उत्तर : नको. टीडीएस ५०० पर्यंत मानकात बसतो, आणि आरओ बरंच पाणी मोरीत सोडतो. पाणी निर्जंतुक व्हावं एवढंच हवं असेल तर यूव्हीचं यंत्र पुरे. सोसायटी टाकीत बोअरचं पाणी मिसळू लागली, तर मात्र पुन्हा मोजा.