संत्र्याचं पहिलं कलम लावताय तर

भाऊ, खताचं नंतर बघू, आधी निचरा पाहा. आपली नागपूरची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि संत्र्याला तेच भोवतं. फायटोफ्थोरा बुरशीने मुळं कुजतात, खोडातून डिंक गळायला लागतो. म्हणून उंचवट्यावरच लावा. कलमाचा डोळा, म्हणजे जिथे जोड असतो ती जागा, जमिनीच्या वीतभर वर राहिलाच पाहिजे, माती तिथवर चढू देऊ नका. आळं दुहेरी करा: खोडाजवळचं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्यात. खड्ड्यात कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी). कच्चं शेण अजिबात नको, मुळं खाणारी हुमणी अळी लागते. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, सेंद्रिय शेतीत ती चालते. आणि रोप रस्त्याकडेचं स्वस्त नको, खात्रीच्या रोपवाटिकेतलं जंबेरी खुंटावरचं, म्हणजे जंबेरी लिंबाच्या मुळावर बांधलेलं कलम घ्या.