वाचकांचे प्रश्न : ॲम्बेसेडरला पाचवा गिअर

प्रश्न : माझ्याकडे १९८४ सालच्या नोंदणीची ॲम्बेसेडर मार्क ४ आहे. १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि चार गिअरचा हँड गिअर (स्टिअरिंगखालच्या दांड्याने बदलायचा), दोन्ही मूळचेच आहेत. नाशिकला वरचेवर जाणे होते आणि समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झाल्यापासून त्याच रस्त्याने जावे असे वाटते. परंतु ताशी ८० च्या पुढे इंजिनाचा आवाज इतका वाढतो की शेजारच्याशी बोलणेही कठीण होते. इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, तर ताशी ११० ने निवांत जाता येईल का? आरटीओची काही अडचण येईल का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : गिअरबॉक्स बसू शकेल, गाडीचा आवाजही कमी होईल, मात्र ताशी ११० ची अपेक्षा आपण सोडून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण साध्या गणितात आहे आणि ते गणित गिअरबॉक्स विकत घेण्यापूर्वी मांडायचे असते.

आपल्या गाडीचा चौथा गिअर ‘डायरेक्ट’ आहे, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा झाला की गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचाही, एकच फेरा होतो आणि पुढची घट केवळ मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी करते. हिशेबापुरते असे धरू, की क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.५ आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दोन मीटर पुढे जाते. ताशी ८० या वेगाला चाकाचे मिनिटाला सुमारे ६६७ फेरे होतात आणि इंजिनाचे ३,०००. आता ०.८५ प्रमाणाचा पाचवा गिअर आला, तर त्याच वेगाला इंजिन २,५५० फेऱ्यांवर येईल. दुसऱ्या शब्दांत, आज ताशी ८० ला जो आवाज असह्य होतो, तोच इंजिनाचा आवाज उद्या ताशी ९४ ला येईल आणि उद्याच्या ८० ला आजच्या ६८ इतका निवांतपणा मिळेल. पाचव्या गिअरकडून एवढीच प्राप्ती आहे आणि आमच्या मते ती कमी नाही. ताशी ११० ला मात्र पाचव्या गिअरमध्येही इंजिन ३,५०० फेऱ्यांवर असेल, म्हणजे आजच्यापेक्षा अधिकच ओरडेल. शिवाय ८० वरून ११० वर जाताना हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती अडीच पटींहून अधिक होते. सुमारे ५० अश्वशक्तीच्या या इंजिनापाशी त्या वेगाला फारसे काही शिल्लक राहत नाही. किंचित चढ किंवा समोरून वारा आला, की चौथा गिअर टाकावाच लागेल.

वरील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गाडीचे खरे प्रमाण मोजूनच घ्यावे, कारण चाळीस वर्षांत ॲक्सल कोणी कधी बदलला असेल, हे सांगता येत नाही. मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत. मग मागचे दुसरे चाक उचलून ॲक्सलखाली मजबूत स्टँड द्यावा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली कोणीही जाऊ नये. या गाडीचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालत असल्याने तो सोडलेला असणे भाग आहे, म्हणूनच ओंडक्यांबाबत हयगय चालणार नाही. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक हाताने सावकाश वीस फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे दुसऱ्या माणसाने मोजावेत. एक चाक जमिनीवर अडकलेले असल्यामुळे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) चाकाचे दोन फेरे क्राउनच्या एका फेऱ्याइतके धरते. त्यामुळे शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागले, की प्रमाण हाती येते. घेऊ पाहत असलेल्या गिअरबॉक्सचेही असेच करावे : दुकानातच पाचवा गिअर टाकून इनपुट शाफ्ट वीस फेरे फिरवावा आणि मागचा शाफ्ट किती फिरतो ते पाहावे. तो साडेतेवीस फिरला, तर प्रमाण ०.८५ आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुने गिअरबॉक्स विकणारा दुकानदार ‘सगळे सारखेच असतात, साहेब’ असे म्हणेल, तरीही मोजावे.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा गिअरबॉक्स १९९० च्या दशकात ॲम्बेसेडरमध्ये आला. हीच जोडी कॉन्टेसामध्येही होती. त्यामुळे गिअरबॉक्स याच घराण्यातला असला, तरी त्याचे बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडले जाणारे पुढचे घंटेसारखे आवरण, इसुझू इंजिनाच्या मापाचे आहे आणि आपले इंजिन जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घडणीचे आहे. मध्ये अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागेल. वागळे इस्टेटमध्ये असे काम करणारे लेथवाले आणि मिलिंगवाले आहेत. परंतु प्लेट नुसती बसली म्हणजे काम झाले, असे समजू नये. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र) बांधून, बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर त्याचे टोक टेकवून क्रँक पूर्ण फिरवावा आणि दोन मध्यांतील चूक ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत प्लेट हलवून मगच तिची जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिन ठोकाव्यात. ही तपासणी न करता बसवलेला गिअरबॉक्स सुरुवातीला छान चालतो. पुढे इनपुट बेअरिंग घरघरू लागते, गिअर निसटू लागतो आणि सगळेजण दोष जुन्या गिअरबॉक्सला देतात. ज्या गॅरेजात डायल गेज नाही, तेथे हे काम देऊ नये.

क्रँकच्या टोकातील, इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बुशही नव्याने कातून घ्यावे लागते, कारण बाहेरचे माप आपल्या क्रँकचे आणि आतले माप इसुझूच्या शाफ्टचे हवे. क्लच प्लेटचे मधले दाते नव्या शाफ्टला जुळणारे लागतात. प्रेशर प्लेट बदलल्यास फ्लायव्हीलला नवी भोके पडतात आणि मग ते बॅलन्स करणे ओघानेच आले. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल. तो कापून, वेल्ड करून, बॅलन्स करूनच बसवावा. गिअरबॉक्सचा मागचा आधार ठरवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे ठेवावेत, अन्यथा ज्या शांततेसाठी हा सारा खटाटोप आहे, तीच ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीमुळे हरवेल. स्पीडोमीटरची केबल आणि तिचा छोटा गिअर यांचाही मेळ घालावा लागतो. काम झाल्यावर काटा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहावा.

हँड गिअर जाऊन फ्लोअर गिअर येणार, म्हणजे पुढच्या सलग सीटची मोकळीक जाणार, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

आरटीओविषयी आपण विचारले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावलेला आहे. आपल्या प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सीसी, इंधन, आसने यांची नोंद असते. गिअरबॉक्सची स्वतंत्र नोंद नसते. इंजिन मूळचेच राहणार असल्याने आपली बाजू बरीच सुरक्षित आहे. तरीही ठाणे आरटीओकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे आणि विमा कंपनीलाही पत्राने कळवावे. मेकॅनिकचे ‘काही होत नाही’ हे आश्वासन अपघातानंतरच्या दाव्यात उपयोगी पडत नाही.

याला जोडून एक मुद्दा आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. आपली गाडी २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. तेव्हा ती वाट मोकळी राहावी असे वाटत असेल, तर फ्लोअर गिअरसाठी पत्रा कमीत कमी कापावा, नवा आधार वेल्ड न करता बोल्टने बसवावा आणि जुना गिअरबॉक्स, हँड गिअरच्या सळ्या व मूळ प्रोपेलर शाफ्ट तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावेत. अर्थात, व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे नाशिकच्या फेऱ्या आणि तो क्रमांक या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणार नाहीत.

खर्चाला हात घालण्यापूर्वी आहे त्या गाडीची एक तपासणी अवश्य करावी. ८० च्या पुढे वाढणारा सगळाच आवाज इंजिनाचा नसतो. झिजलेले क्रॉस, बॅलन्स बिघडलेला शाफ्ट, दरवाजांची सुकलेली रबरे आणि फुटका सायलेन्सर यांचा त्यात मोठा वाटा असतो. त्या वेगाला क्षणभर क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा : इंजिन मंदावूनही गोंगाट तसाच राहिला, तर गिअरबॉक्स बदलून तो जाणार नाही. ब्रेकचेही पाहावे. आपल्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० ची मुभा असल्याने आजूबाजूची वाहने त्या वेगाने धावत असतात. टायरच्या कडेवरील चार अंकी शिक्क्यात शेवटचे दोन अंक वर्ष सांगतात. जुन्या गाड्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, म्हणून तो शिक्का वाचावा. हे सर्व ठाकठीक असेल, तर पाचवा गिअर जरूर बसवावा, ताशी ८० ते ९० वर समाधान मानावे आणि कसारा घाटाने जाताना तो गिअर विसरून जावे.

प्रश्न : माझ्या पद्मिनीचा गिअरबॉक्स न बदलता केवळ उंच प्रमाणाचे क्राउन-पिनियन टाकले, तर हायवेवर तोच फायदा मिळेल का?
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : टॉप गिअरमध्ये मिळेल; पण पाचवा गिअर हवा तेव्हाच टाकता येतो, तर क्राउन-पिनियन बदलले की पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळेच गिअर तेवढ्या प्रमाणात जड होतात. १०८९ सीसीच्या इंजिनाला चार माणसे आणि सामान घेऊन चढावर सुटताना क्लच अधिक वेळ अर्धवट दाबून धरावा लागेल, आणि वाशी ते पनवेल या रांगत्या वाहतुकीत क्लच प्लेट लवकर जळेल. आपला बहुतेक वापर शहरातला असेल, तर हा बदल करू नये. ॲक्सल आवाज करत असल्यामुळे तो उघडायचाच असेल, तर जुन्याच प्रमाणाची जोडी, एकमेकांशी जुळवलेलीच, टाकावी. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन घेऊ नये.