त्या काकू जवानाच्या पाया का पडल्या?

प्रिय ईरा,

सांगलीच्या महापुराचा व्हिडिओ बघून तू विचारलंस, "त्या काकू एवढ्या मोठ्या, मग बोटीतल्या सैनिकदादाच्या पाया का पडल्या? आपण तर मोठ्यांच्या पडतो ना?" नीट सांगता यावं म्हणून लिहूनच देतेय.

तो ऑगस्ट २०१९ होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माणसं माळ्यावर, गच्चीवर अडकली होती. त्यातच ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी गावातलीच बोट उलटली. कितीतरी जण बुडाले, त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. त्यानंतर बोटीत पाय ठेवायलाही काळीज लागत होतं गं.

आणि जवान दिवसभर तेच करत होते. गढूळ पाण्याखाली कुठे कुंपणाची तार आहे, कुठे फाटकाचं टोक, काही दिसत नाही. रबरी बोट फाटली की संपलं. इंजिनाच्या पंख्यात कपडे, वायरी अडकतात. मग ते बंद करून वल्ही मारायची. म्हाताऱ्या आजींना उचलून घ्यायचं, "जनावरं सोडून येणार नाही" म्हणणाऱ्या आजोबांची समजूत घालायची. समोर शत्रू नव्हता, पण जीव तेवढाच धोक्यात होता. मला हे शौर्य जराही कमी वाटत नाही.

आता पाया पडण्याचं. घरात आपण वय बघतो, खरं आहे. पण वारीत बघ, पंढरीच्या वाटेवर सत्तरीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात आणि तोही त्यांच्या पडतो. दोघं एकमेकांना माउलीच म्हणतात. तिथे वय, जात कुणी विचारत नाही. आपल्याकडे संकटात मदतीला आलेल्याला "देवासारखा धावून आला" म्हणतात. त्या काकूंना त्या क्षणी तो मुलगा तसाच दिसला असणार. त्याच वर्षी १५ ऑगस्टला राखी होती. पूरग्रस्त भागातल्या किती बायकांनी जवानांना राख्या बांधल्या!

"मग मीसुद्धा असं करायचं का?" असंही विचारलंस. आतून वाटलं तर खुशाल वाक. पण इथले लोक गांगरतील, तेव्हा पोहण्याच्या तलावावरच्या जीवरक्षकाला हात जोडून थँक्यू म्हण, त्याला कळेल.

रविवारी आजोबांना फोन करू. पूर्वी पुरात गूळ करायच्या काहिलीत बसून लोक पलीकडे कसे जायचे, ते त्यांनाच विचार.

तुझी,
आई