एकच मशीन, दोन हात: कॉफीची पूड दाबायचा टॅम्पर कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्याकडे ५१ मिलिमीटरच्या बास्केटचं (पूड भरायच्या जाळीच्या वाटीचं) घरगुती एस्प्रेसो मशीन आहे. सकाळची कॉफी सासरे करतात, संध्याकाळची मी. बीन्स त्याच चिकमगळूरच्या, ग्राइंडरचा आकडाही तोच. माझा शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, २७-२८ सेकंदांत येतो. बाबांचा मात्र कधी कधी १५ सेकंदांतच भसाभस खाली येतो आणि आंबट लागतो. आपला हात हलका पडतो, असं त्यांना वाटतं. मनगटाला संधिवात असल्याने जोर लावला की दुखतं. टॅम्पर मशीनबरोबर आलेला, प्लास्टिकचा. चांगला जड स्टीलचा घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाबांना आधी एवढं सांगा, की जोर कमी पडल्यामुळे कॉफी बिघडत नाहीये. मनगट दुखवून दाबणं आजपासूनच बंद करा.

थोडा हिशेब मांडते. एस्प्रेसो निघताना पाण्याचा दाब साधारण ९ बार धरतात. दाबलेल्या पुडीच्या ५१ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर तो दाब म्हणजे जवळपास १९० किलोंचा भार. बरिस्टांना, म्हणजे कॅफेत कॉफी करणाऱ्यांना, पूर्वापार शिकवला जाणारा हाताचा दाब ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास. तुम्ही दहा किलोंनी दाबलं काय किंवा पंधरा किलोंनी, पाण्यापुढे तो फरक किरकोळ आहे. टॅम्परने पुडीतली हवा काढून तिला सपाट, सगळीकडे सारख्या जाडीची बसवायची असते. पूड एकदा घट्ट बसली की पुढचा जोर वाया जातो.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. पहिली, तुमच्या टॅम्परचं माप. मशीनबरोबर येणारे प्लास्टिकचे टॅम्पर बहुतेक वेळा बास्केटपेक्षा बरेच लहान असतात. ५१ च्या बास्केटमध्ये ४९ चा टॅम्पर म्हणजे चहूबाजूंनी एक मिलिमीटरची सैल कड राहिली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण क्षेत्रफळ काढलं तर जवळपास ८ टक्के पूड दाबलीच जात नाही, आणि पाणी नेमकी तिथूनच वाट काढतं. दुसरी गोष्ट तिरपेपणा. दुखरं मनगट आपोआप एका बाजूला कलतं, चकती एकीकडे पातळ होते आणि पाणी त्या बाजूने पळतं. मग थोडी पूड करपट होईपर्यंत धुतली जाते, बाकीची जेमतेम भिजते. आंबटपणा येतो तो तिथून. तुमचं मनगट सरळ राहत असेल, म्हणून तोच टॅम्पर तुमच्या हातात निभावून जातो.

खात्री करायची असेल तर बाबांनी दाबल्यावर, पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेली मूठ) मशीनला लावण्याआधी, बास्केटमध्ये आडवं बघा. आतल्या भिंतीवर पुडीची रेघ एका बाजूला वर आणि दुसरीकडे खाली दिसली, तर दुखणं सापडलं.

तुमच्या घरासाठी माझ्या मते एकच प्रकार योग्य आहे : बाहेरून कडं असलेला, स्प्रिंगचा टॅम्पर. ते कडं बास्केटच्या काठावर टेकतं, त्यामुळे तो तिरपा जातच नाही. आतली स्प्रिंग ठरावीक दाबाला थांबते, म्हणून हात कोणाचाही असो, दाब तोच. काही टॅम्परबरोबर १५, २५ आणि ३० पौंडांच्या अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा येतात. तुम्ही १५ ची लावा आणि दोघांनीही तीच वापरा. सात किलोंहून कमी जोर लागतो, तो बाबा तळहाताने सहज देतील. शॉट जरा लवकर आला तर ग्राइंडर थोडा बारीक करा. दाबण्याआधी काठावरची पूड मात्र बोटाने पुसायची, नाहीतर कडंच तिरपं बसेल.

खोली ठरवून ठेवायचा चपटा पाम टॅम्परही दुकानात दाखवतील. मनगटाला तो सोयीचा आहे, पण पूड एखाद्या ग्रॅमने कमी भरली की तो नुसता वर टेकतो, दाबत नाही. बाबा पूड अंदाजाने घेत असतील तर तो नकोच. खरं तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा टॅम्परच्याही आधी घ्या.

मापाच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. व्हर्नियर कॅलिपर मिळवा आणि बास्केटचा आतला व्यास मोजा. काठाशी नाही, पूड जिथपर्यंत येते तिथे. टॅम्परचा तळ त्याहून ०.२ ते ०.५ मिलिमीटर लहान हवा. अगदीच घट्ट असेल तर उचलताना चकती वर ओढली जाते. तळ सपाट घ्या. वजनापायी जास्त पैसे घालू नका. मूठ लाकडी की धातूची, हा आवडीचा प्रश्न.

ओटा ग्रॅनाइटचा असेल तर पोर्टाफिल्टरखाली घडी केलेला नॅपकिन ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. ओटा उंच पडत असेल तर बाबांनी खालच्या टेबलावर दाबावं. कोपर वर आणि हात सरळ खाली असला की भार खांद्यातून येतो, मनगटाला काम राहत नाही.

आणि दाबण्याआधी बारीक सुयांनी पूड तळापासून ढवळून गुठळ्या मोडा. अमेरिकेतल्या जॉन वाईस यांनी २००५ मध्ये सुचवलेली ही रीत आज जगभर रूढ आहे. गुठळ्या राहिल्या तर कोणताही टॅम्पर त्या बुजवू शकत नाही.

प्रश्न : नवीन मशीन घेतलंय. टॅम्परवर लगेच खर्च करावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बास्केट उलटी करून बघा. बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी तळाची, म्हणजे दाब स्वतःच तयार करणारी बास्केट आहे. तिच्यात टॅम्परने फारसा फरक पडत नाही, आहे तोच चालवा. तळभर शेकडो बारीक छिद्रं असतील तर वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. पण ग्राइंडर नसेल आणि तयार पूड आणत असाल, तर पैसे आधी त्यासाठी साठवा.