चाकांवरच्या घरात गरम पाणी: पावणेतीन लाख घालावेत का?

कराडहून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलंय. ते आणि त्यांच्या पत्नी दोघंही शिक्षक होते, दोघांनाही पेन्शन आहे. आता देश फिरायचा म्हणून त्यांनी ट्रॅव्हलरची रिकामी गाडी घेतली आणि पुण्यातल्या एका फॅब्रिकेटरकडे मोटरहोम करायला दिली. गाडी आणि आतलं काम मिळून २४ लाख ठरले, तेवढे पैसे त्यांनी वेगळे काढून ठेवलेत. आता घोडं अडलंय ते गरम पाण्यावर. फॅब्रिकेटरने तीन पर्याय दिले आहेत. पहिला, डिझेलवर पाणी आणि आतली हवा दोन्ही तापवणारा बाहेरून मागवलेला हीटर, २,७५,००० रुपये. दुसरा, इंजिनाच्या कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) तापणारी २० लिटरची टाकी, आत विजेचं कॉइलही, ५८,००० रुपये. तिसरा, गॅस गीझर, ९,५०० रुपये. "एकदा फर्निचर बसलं की नंतर काही बदलता येणार नाही," असंही त्याने सांगितलंय. सरांचा प्रश्न असा: मनात पहिला पर्याय आहे, त्यासाठी एससीएसएसचं (ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं) खातं मोडू, की बँक देते आहे ते १३ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ?

सर, बाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. साठी ओलांडल्यावर गाडी बांधून निघायचं ठरवणारी जोडपी मला थोडीच भेटतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी गॅस गीझर बाजूला ठेवू या. तो स्वस्त आहे, पाणीही झटपट तापवतो, पण तुम्ही तो घेऊ नका. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच आलं नाही, अशा बातम्या आपल्याकडे दर थंडीत येतात. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरच्या बाथरूममध्ये निदान वर झरोका असतो. तुमच्या गाडीतली आंघोळीची जागा कपाटाएवढी आहे, आणि मनालीच्या थंडीत तुम्ही खिडकी उघडी ठेवणार नाही. शिवाय घरच्या जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर घरातल्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तो उचलून गाडीत लावायची मुभा नसते. इथे पैशाचा हिशोब मांडायचीसुद्धा गरज नाही.

उरले दोन. फॅब्रिकेटरने पहिल्याची बाजू मांडताना "डिझेल कमी खातो" असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेवढं आधी तपासू.

आमच्या वाईच्या घरी तांब्याचा बंब होता. आजी पहाटे उठून त्यात गोवऱ्या आणि चिपाडं सारायची. तोटीतून पाणी निघायचं ते कढत. घंगाळात अर्ध्याच्या आत ते घ्यायचं, वरून विसण, म्हणजे गार पाणी, घालायचं, आणि आजी कोपर बुडवून बघायची. कोपराला सोसलं की आम्हा पोरांना हाक. एका बंबात घरची चार माणसं आंघोळ करायची ती या विसणाच्या जोरावर. तुमच्या गाडीचा हिशोबही विसणाचाच आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. ऑक्टोबरात हिमाचलात टाकीतलं पाणी १० अंशांवर असेल असं धरा. आंघोळीला ४० अंश पुरतात. म्हणजे १५ लिटरची एक बादली ३० अंशांनी तापवायची, त्याला साधारण अर्धा युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास) ऊर्जा लागते. डिझेलमध्ये बोलायचं तर हीटरमधली नासधूस धरूनही ६५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सहाएक रुपये. दोघांच्या आंघोळीला बारा रुपये. डिझेल कमी खातो हे खरंच आहे, पण मुळात खाण्यासारखं काही नाहीच! तुमचा निर्णय इंधनावर ठरणार नाही. तो ठरेल आज किती पैसे अडकवायचे आणि ते कुठून काढायचे यावर.

आता दुसरा पर्याय. चालत्या इंजिनाचं कूलंट ८०-९० अंशांवर असतं. ही उष्णता एरवी रेडिएटरमधून हवेतच जाते. तेच कूलंट टाकीतल्या नळीतून फिरवलं की दिवसभराच्या प्रवासात पाणी आपोआप तापतं आणि टाकीला चांगलं वेष्टण असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत आंघोळीपुरतं गरम राहतं. मुक्कामाला पोहोचताना २० लिटर पाणी ७५ अंशांवर असेल, तर १० अंशांचं विसण घालून त्याचं ४० अंशांचं ४३ लिटर होतं. रात्रभरात ते ६० अंशांवर उतरलं तरी ३३ लिटर मिळतं. तुमच्या दोन बादल्या ३० लिटरच्या. तीन लिटर भांड्यांना उरतात. आंघोळ बादलीनेच करायची, हे मात्र गृहीत धरते आहे. तुमची पाण्याची टाकी १०० लिटरची आहे, शॉवर सोडला तर ती दोन दिवसांतच कोरडी पडेल, हीटर कोणताही असो.

या टाकीची अडचण तुम्ही बरोबर ओळखली आहे: एकाच जागी तीन दिवस राहिलो तर? तेव्हा विजेचं कॉइल. तुमची बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण अडीच युनिटांची. इन्व्हर्टरमधली घट धरली तर दोन बादल्यांना सव्वा युनिट जाईल, बॅटरीचा निम्मा भाग. टपावर ४०० वॉटचं सोलर आहे. स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास येईल, त्यातच फ्रीज आणि दिवे. ऊन असेल तर भागेल. ढग आले तर त्या दिवशी एकाने आंघोळ करायची, दुसऱ्याने हातपाय धुवायचे. किंवा वीस-पंचवीस किलोमीटर फिरून यायचं, जे तुम्ही तसंही करालच. मुक्कामाच्या जागी विजेचा प्लग मिळाला तर प्रश्नच मिटतो.

डिझेल हीटरचं खरं मोल पाण्यात नाही. तो रात्री गाडीची आतली हवा ऊबदार ठेवतो, आणि बाईंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंत ते मी विसरलेले नाही. पण त्याच फॅब्रिकेटरने फक्त हवा तापवणाऱ्या लहान हीटरचा भाव ४५,००० सांगितलाय. म्हणजे टाकी आणि हवेचा हीटर मिळून १,०३,००० रुपये. पावणेतीन लाखांशी तुलना याची करायची. फरक १,७२,००० रुपयांचा.

हा फरक किती रात्रींवर वाटला जाणार? तुमच्या बेतात वर्षाला ७० रात्री आहेत. त्यातल्या ४५ कोकण, गोवा, गुजरात, कर्नाटक. मालवणात मार्चमध्ये टाकीतलं पाणी उन्हानेच कोमट होतं, तिथे हीटरचं बटण दाबलंच जाणार नाही. उरल्या हिमाचल-उत्तराखंडच्या २५ रात्री, त्याही मे आणि ऑक्टोबरातल्या. आठ वर्षं धरली तर २०० थंड रात्री, म्हणजे दर रात्रीला ८६० रुपये जादा. डोंगरातल्या एखाद्या घरगुती मुक्कामाला एवढ्या पैशांत खोली मिळून जाते, गरम पाण्याच्या बादलीसकट. तुम्ही हिवाळा स्पितीत काढणार असता तर मी स्वतः तुम्हाला पहिला पर्याय घ्या म्हटलं असतं. तुमचा बेत तसा नाही.

आणखी एक गोष्ट फॅब्रिकेटरने सांगितली नसावी. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. उंचीप्रमाणे इंधन कमी करायची सोय नसलेला डिझेल हीटर तिथे काजळी धरतो आणि ऐन थंडीत बंद पडतो. हवेचा लहान हीटर घ्याल तेव्हाही ही सोय आहे का, हे विचाराच. आणि बाहेरून मागवलेल्या यंत्राचा एखादा भाग गेला तर केलाँगच्या गॅरेजमध्ये तो मिळणार नाही. कूलंटची टाकी म्हणजे नळ्या, क्लिपा आणि कॉइल. कुठलाही गाडीचा मिस्त्री ती हाताळतो.

आता पैसे कुठून. एससीएसएसला हात लावू नका. तुमचे ३० लाख एकाच खात्यात आहेत आणि त्याला अडीच वर्षं झाली आहेत. या योजनेत थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं, आणि दोन वर्षांनंतर बंद केलं तर जमा रकमेचा एक टक्का कापतात. म्हणजे पावणेतीन लाखांसाठी ३०,००० रुपये आधीच गेले. वर ८.२ टक्क्यांनी वर्षाला साडेबावीस हजारांचं व्याज बंद.

लोनचा आकडा तर लिहून समोर ठेवा. २,७५,००० रुपये, १३ टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण ९,२७० रुपये, आणि तीन वर्षांत नुसतं व्याज ५८,६०० रुपये. दुसऱ्या पर्यायाची अख्खी टाकी ५८,००० ची आहे. पहिल्याच्या व्याजात दुसरा पर्याय येतो! हे मांडलं तेव्हा मी स्वतः दोनदा तपासलं.

तुम्ही दर महिन्याला पेन्शनमधून १५,००० शिल्लक पडतात असं लिहिलंय, आणि टाकी बसवायची वेळ चार महिन्यांनी येणार आहे. चार महिन्यांचे ६०,००० झाले. टाकीचे पैसे उभे राहिले, एफडीतले पाच लाखही शाबूत राहिले. हवेचा हीटर पहिल्या थंड सहलीआधीच्या तीन महिन्यांच्या शिलकेतून. आणि तुमचा आरोग्य विमा दोघांत मिळून फक्त पाच लाखांचा आहे, त्याची मला हीटरपेक्षा जास्त काळजी वाटते. पाच लाखांच्या वरचा खर्च उचलणारा विमा, म्हणजे सुपर टॉपअप, या वर्षीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. घरापासून दीड हजार किलोमीटरवर दवाखान्यात जायची वेळ आली तर हाताशी तोच असेल.

गाडीच्या कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तुमच्या आरसीवर मोटर कॅराव्हॅन अशी नोंद होणार का, हे फॅब्रिकेटरकडून लेखी घ्या. हीटर, टाकी, बॅटरी या सगळ्याची यादी विमा कंपनीला कळवून पॉलिसीत चढवा. माझ्या एका अशिलाच्या गाडीला शॉर्टसर्किटने आग लागली. आतलं सगळं काम नोंदीत नव्हतं म्हणून त्यांचा क्लेम आठ महिने अडकला आणि शेवटी फक्त रिकाम्या गाडीची किंमत मिळाली. त्या दोघांना माझ्यासमोर बसून ते पत्र वाचताना मी पाहिलंय.

"नंतर बदलता येणार नाही" या वाक्याने घाबरू नका. बेडखालची जागा तुम्ही फोटोत दाखवली आहे, तिथे टाकीशेजारी एक कोनाडा रिकामा सोडायला सांगा आणि डिझेलच्या टाकीपासून तिथपर्यंत जादा नळी आताच टाकून घ्या. दोन-तीन हजारांचं काम आहे. हवेचा हीटर पुढे तिथेच बसेल.

टाकी स्टेनलेस स्टीलची हवी. कूलंट विषारी असतं आणि आतली नळी फुटली तर ते पाण्यात उतरू शकतं, म्हणून त्या नळाचं पाणी चहाला किंवा भाताला घ्यायचं नाही, हे बाईंनाही सांगून ठेवा. नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह लागलाच पाहिजे. ८० अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर कातडी सोलून निघते. विसण घालायचं काम तो व्हॉल्व्हच करेल. गोठणबिंदूखालच्या रात्री टाकी रिकामी करता यावी म्हणून तळाशी तोटी हवी. आणि पहिल्या सहलीपासूनच आत एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म असू द्या.

कोटेशनवर स्टीलची टाकी, व्हॉल्व्ह, तोटी आणि अलार्म या चारही गोष्टी, रिकामा कोनाडा आणि जादा नळी फॅब्रिकेटरच्या सहीनिशी लिहून घ्या आणि मगच टोकन द्या. तोवर उद्या सकाळी घरीच एक काम करा: तुम्ही दोघं रोज खरंच किती लिटर पाण्यात आंघोळ करता, ते बादलीवर खुणा करून मोजा. आकडा माणशी पंधराच्या आत आला तर २० लिटरची टाकी बिनधास्त सांगा. विशीच्या पुढे गेला तर मला कळवा, मग ३० लिटरच्या टाकीचा भाव मागवू.