नागपूरच्या कॉलेजातून सौर सेल आणि सिलिकॉन फोटॉनिक्सवरच्या संशोधनाला सरकारी निधी कसा मिळवावा?

पहिलं म्हणजे दोन्ही विषय एकाच प्रस्तावात कोंबू नका. सिलिकॉनचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट. साधारण 1100 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश तो शोषतो, म्हणून सौर सेल बनतो. 1550 नॅनोमीटरला तो पारदर्शक, म्हणून फोटॉनिक्समध्ये (चिपवर प्रकाश खेळवण्याच्या तंत्रात) लागणारा वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी वाट, बनतो. पदार्थ एकच असला तरी यंत्रं, मोजमापं आणि तपासणारे तज्ज्ञ वेगळे.

अर्ज अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे करा (संशोधनाला निधी देणारं आधीचं सरकारी मंडळ, सर्ब, आता त्यातच विलीन झालंय). क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) मागायच्या फंदात पडू नका. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या इनअप योजनेतून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या सुविधा वापरता येतात. तुम्ही प्रवास, वेफर (सिलिकॉनच्या चकत्या) आणि मनुष्यबळ मागा. फोटॉनिक्ससाठी तुमच्या कॉलेजात ट्युनेबल लेझर (तरंगलांबी बदलता येणारा), पॉवर मीटर आणि फायबर जोडणीचा स्टेज पुरतो.

पेरोव्स्काइट सेल (सिलिकॉनऐवजी वेगळ्या स्फटिकाच्या पातळ थराचा सौर सेल) करणार असाल तर ग्लोव्हबॉक्स, म्हणजे आत कोरडा वायू भरलेली बंद पेटी, लागतोच, कारण नागपूरच्या पावसाळी दमटपणात उघड्यावर केलेला थर टिकत नाही. त्यासोबत नायट्रोजन सिलिंडर, पेटीतला वायू शुद्ध करणाऱ्या गाळणीचं रीजनरेशन (ती पुन्हा वापरण्याजोगी करणं) आणि यूपीएस धरा. बहुतेक बजेटं इथेच फसतात: यंत्र येतं, चालवायला पैसे नसतात.

पैसे आल्यावर खरी अडचण उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे निधी कसा खर्च झाला ते दाखवणाऱ्या जीएफआर 12-अ या सरकारी फॉर्मची. आयात यंत्राची ऑर्डर मार्चपर्यंत रेंगाळली की खर्च दिसत नाही आणि पुढचा हप्ता अडकतो. म्हणून कोटेशनं आणि तांत्रिक तपशील मंजुरीआधीच तयार ठेवा, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.